बेबीचं व्हायचं हाय

बेबीआत्याचं वाक्य दुसऱ्या कोणी पुरं केलं, की ती ते पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरू करायची. चिडायची नाही, आवाज चढवायची नाही. डोळे मिटायची, मान एका बाजूला कलायची, श्वास गोळा व्हायचा आणि मग पुन्हा पहिल्यापासून. एकदा सकाळी ती आईला म्हणाली, "वहिनी, मले च..." आणि आई "आणते व चहा, थांब जराशी" म्हणत उठलीसुद्धा. चहा उकळला, गाळला, आत्यापुढं आला. आत्यानं कपाकडे पाहिलं आणि म्हणाली, "वहिनी, मले चपलेले टाका मारून पाहिजे." आईनं कपाळाला हात लावला. तेवढ्या वेळात मोची गल्लीतून पुढे निघून गेला होता.

आत्या म्हणजे बाबांची पाठची बहीण. बाबा प्राथमिक शाळेत गुरुजी, घर मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याला, आणि दिवस ऐंशीच्या दशकातले. ती तिशीच्या आसपास असेल, पण लहानपणी पडलेलं 'बेबी' हे नाव काही तिला सोडायला तयार नव्हतं. ती चालायची ती भिंतीच्या आधारानं, गुडघे एकमेकांवर घासत. हात तिच्या मनानं चालत नसत, आणि बोलताना तर सगळं तोंडच कामाला लागायचं. तिला नेमकं काय झालं आहे हे गावात सगळ्यांना माहीत होतं, फक्त प्रत्येकाला वेगळं माहीत होतं. कोणी म्हणे अंगावरून वारं गेलं, कोणी म्हणे पोलिओ. शेजारच्या काकूंच्या मते आजीनं गरोदरपणी ग्रहण पाहिलं होतं, आणि तेही विळीवर भाजी चिरता चिरता. आता आमच्या घरानं ग्रहणबिहण पाळणं केव्हाच सोडलं होतं, पण बोलणाऱ्यांची तोंडं कोण धरणार? बिचारी आजी मरेपर्यंत सांगत राहिली, की पोरगी जन्मली तेव्हा रडलीच नाही, पार निळी पडली होती, सुइणीनं पाणी मारमारून तिला रडवली. तिचं हे बोलणं कोणी कानावर घेतलं नाही, कारण त्यात ग्रहणाइतकी मजा नव्हती.

माझं नाव मीना आहे ते आत्यामुळे. बाबांच्या मनात माझ्यासाठी बुद्धविहारातल्या पुस्तकातलं एक लांबलचक, जोडाक्षरांनी भरलेलं नाव होतं. आत्यानं ते म्हणून पाहिलं. दुपार संपली तरी ते तिच्या तोंडातून बाहेर येईना. मग तीच म्हणाली, "मीना ठेव. मले बोलावता... येईन." बाबांनी मुकाट्यानं मीना ठेवलं. पुढं शाळेत माझ्या वर्गात मीना नावाच्या ढीगभर मुली निघाल्या, तेव्हा मी कुरकूर केली, तर आत्या म्हणाली, "तुले हाक कोण मारते दिवसभर? मी ना. मंग."

तिच्या अंगाचे काही कायदे होते आणि ते आम्हाला पाठ झाले होते. आनंद झाला की तिचे हात उडायचे. परीक्षेत पास झाले म्हणून सांगायला मी धावत यायची, आणि तिचा डावा हात असा सुटायचा की आईच्या हातातलं ताट खाली. परकं माणूस घाबरून "झटका आला, झटका आला" म्हणत कांदा शोधायला लागायचं. झटका कसला, ती खूश झालेली असायची. राग आला तरी तसंच. अचानक मोठा आवाज झाला की सगळं अंग एकदम ताठ व्हायचं. फटाका असो, भांडं पडो की स्टेशनावरून येणारा गाडीचा भोंगा असो. बोलता बोलता भोंगा वाजला की वाक्य तुटायचं, आणि तुटलं की अर्थातच पुन्हा पहिल्यापासून. थंडीत ती लाकडासारखी आखडायची, म्हणून सकाळी अंगणात खाटेवर उन्हात बसून राहायची, अंग मोकळं होईपर्यंत. आणि दुपारी डोळा लागला की तेच हात पोटावर इतके गप्प पडून असायचे की मी जवळ जाऊन ते बघत बसायची. मला ते दुसऱ्याच कोणाचे वाटायचे.

उजवा हात तिनं सोडूनच दिला होता. "थो आपला नाई," म्हणायची. डावा मात्र तिनं माणसाळवला होता, आणि त्याची एक युक्ती होती. जमिनीवर बसायचं, दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात डावं कोपर घट्ट दाबून धरायचं. कोपर हललं नाही की पंजा ऐकायचा. त्या कोपऱ्यात बसून ती जुनी वर्तमानपत्रं वाचायची, पानावर दगड ठेवून. तिथंच बसून शेंगा सोलायची, माझ्या फ्रॉकची बटणं लावून द्यायची. आमच्या स्वयंपाकघराच्या त्या कोपऱ्यात चुना कधी टिकला नाही. आत्याच्या कोपराच्या उंचीवर मातीचा एक गुळगुळीत खड्डा पडला होता.

संत्र्याचे दिवस आले की तिची आणि माझी शर्यत लागायची. पांढुर्ण्यात तेव्हा संत्र्याला कोणी विचारत नसे, ज्याच्या त्याच्या घरी टोपलीभर पडलेली असायची. मी बकाबका खायची आणि आत्या एकच संत्रं घेऊन बसायची. दातानं साल टोचायची, मग अंगठा घालून जरा जरा उचकटायची. रस मनगटावरून कोपरापर्यंत. कोणी सोलून दिलं तर खायची नाही. माझी सहा-सात संपेपर्यंत तिचं एक व्हायचं, चेंबलेलं, पण पुरं सोललेलं. मग त्यातल्या दोन फोडी मला द्यायची. खरं सांगते, त्या फोडींची चव वेगळीच लागायची, आणि हे मी प्रेमापोटी म्हणत नाही; तिच्या हातात ते इतका वेळ उन्हात तापलेलं असायचं.

जेवताना तिच्यापुढं हसायची बंदी होती. हसू आलं की घास भलत्याच वाटेनं जायचा आणि ठसका लागायचा, तो लवकर थांबायचा नाही. त्यामुळे आमच्या घरी जेवणं दुखवट्याला बसल्यासारखी चालायची. आणि नेमकं तेव्हाच तिला काहीतरी गमतीचं सुचायचं. पाहुणे बसलेले असले की हळूच माझ्याकडे बघून भुवई उडवायची. मी फिस्स केलं की तीच डोळे मोठे करून म्हणायची, "हसवू नोको व, घास अडकते."

तिला शाळेत घातलं नाही. म्हणजे आजोबा तिला खांद्यावर बसवून घेऊन गेले होते, पण त्या वेळच्या हेडमास्तरांनी दारातच सांगितलं, की बाकीची पोट्टी भितीन हिले पाहून. आजोबा तसेच माघारी आले. मग बाबा शाळेतून येऊन, त्या दिवशी जे शिकले ते तिला शिकवायचे. बाबा स्वतः म्हणायचे, "मी मास्तर झालो थो हिच्यावर हात साफ करून." त्यातूनच त्यांना एक सवय लागली. ती काय म्हणणार हे त्यांना तिच्या आधी कळायचं आणि ते बोलून मोकळे व्हायचे. पाहुण्यांपुढं, दुकानात, डॉक्टरपुढं, सगळीकडे. माया होती हो, दुसरं काही नव्हतं. तिचा त्रास वाचावा म्हणून. पण त्या मायेनं आत्याचं निम्मं आयुष्य पहिल्यापासून सुरू करण्यात गेलं.

एकच जागा अशी होती जिथं तिला कोणी घाई केली नाही, ती म्हणजे आमच्या वस्तीतलं विहार. रविवारी वंदनेला आम्ही तिला धरून न्यायचो, आणि ती भिंतीशी पाठ लावून सगळ्यांबरोबर त्रिशरण, पंचशील म्हणायची. बरोबर कसली, मागून. सगळ्यांचं तिसरं शील चालू असायचं तेव्हा हिचं पहिलं. सगळ्यांचं संपायचं आणि हिचा एकटीचा आवाज मागं राहायचा, घासत, अडखळत. बाया हात जोडून बसून राहायच्या. कोणी नवीन सून उठायला लागली की म्हातारी एखादी तिचा पदर ओढायची, "बस व. बेबीचं व्हायचं हाय." हे कोणी ठरवलेलं नव्हतं, ते तसं पडून गेलं होतं. शेतावर मजुरीला जाणाऱ्या बाया त्या, घरी कामं वाट बघत असायची, पण बेबीचं झाल्याशिवाय कोणाचे हात सुटायचे नाहीत.

एका थंडीत तिचा ठसका छातीत उतरला आणि ताप हटेना, म्हणून बाबा तिला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. मीही बरोबर होते. तिथं एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी विचारलं, "ठसका कधीपासून लागतोय?" बाबा म्हणाले, "दिवाळीपासून." बाई बाबांकडे न बघता म्हणाल्या, "मी त्यांना विचारलं." आणि हातातलं पेन खाली ठेवून आत्याच्या तोंडाकडे बघत बसल्या. बाहेर रांग होती. आत्याचे हात उडायला लागले, मान फिरली, आणि शेवटी ती म्हणाली, "पोळ्या... पासून." बाबा चाटच पडले. पोळ्यापासून तिला त्रास होत होता आणि आमच्या कोणाच्या लक्षात नव्हतं.

मग त्या बाईंनी आम्हाला पहिल्यांदा सांगितलं की या प्रकाराला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. बाबांनी साध्या भाषेत सांगायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "जन्मताना मेंदूला हवा कमी पडली. हातापायांना हुकूम सोडणारा जो भाग असतो तो दुखावला. या हुकूम बरोबरच देतात, पण तो स्नायूंपर्यंत जाताना बिघडतो. जीभ, ओठ, घसा, हेही स्नायूच. म्हणून बोलणं तसं, गिळणं तसं. विचार करण्यात काही खोट नाही. हे कोणाला लागत नाही, वाढत नाही, आणि खोटं कशाला सांगू, जातही नाही." मग त्यांनी ताठ बसवून, हनुवटी खाली ठेवून, लहान घास कसा द्यायचा ते करून दाखवलं. बाबांचे डोळे भरून आले होते. ते एवढंच म्हणाले, "म्हणजे माझ्या आईनं ग्रहण पाहिलं नव्हतं." परतीच्या गाडीत आत्या खिडकीशी बसली होती. काटोल गेल्यावर म्हणाली, "दादा, थे बाई... थांबली." बाबांनी मान हलवली. त्यांना वाटलं ती औषधाबद्दल काही म्हणते आहे.

आता निवडणुकीची गोष्ट सांगते, कारण आत्याला ओळखायचं तर ती सांगायलाच हवी. त्याच्या आधीच्या निवडणुकीत बाबा तिला मत द्यायला घेऊन गेले होते. ज्याचे हात चालत नाहीत त्याला सोबती नेता येतो, तो सांगेल तिथं सोबत्यानं शिक्का मारायचा, असा नियम. पुठ्ठ्याच्या आडोशामागं आत्या म्हणाली, "दादा, मले..." आणि बाबा "हो, माहीत हाय मले" म्हणाले, शिक्का मारला, घडी केली, मत पेटीत टाकलं. त्यांच्या मते घरचं मत ठरलेलंच होतं. आणि पेटीत पडलेलं मत काही पहिल्यापासून सुरू करता येत नाही. घरी आल्यावर आत्या बाबांशी बोलेना. बाबा तिच्यामागं मागं फिरले, "चुकीच्या जागी मारला का मी? मंग कोणाले द्यायचं होतं तुले?" तिनं सांगितलं नाही. पुष्कळ दिवसांनी म्हणाली, "आता सांगून काय करू? तुह्यं मत तू देलं, माह्यंही तूच देलं."

पुढची निवडणूक ऐन थंडीत आली. बाबांची ड्यूटी सौसर तालुक्यात रामाकोन्याला लागली. जाण्याआधी ते आत्याला म्हणाले, "वहिनीले सोबत ने. यावेळेस तू सांगशीन तिथंच मारीन थे." आत्या म्हणाली, "सोबती नोको. मीच मारीन." बाबांचा चेहरा पडला. ते गुरुजी होते, त्यांनी शिकवायला सुरुवात केली, की बघ, शिक्का दोन चिन्हांच्या मधल्या रेघेवर पडला की मत बाद. तुझा हात ऐनवेळी उडाला तर सगळं वाया. आत्या म्हणाली, "वाया गेलं तं माह्यं जाईन."

मग आमच्या घरी बटाट्यांचं युद्ध सुरू झालं. अर्धा बटाटा कापून मी त्यावर फुली कोरून द्यायची, तो कपड्याच्या निळीत बुडवून आत्या जुन्या वर्तमानपत्रावर शिक्के मारायची. बाबांनी जाण्याआधी रेघा मारून चौकोन आखून ठेवले होते. आपल्या कोपऱ्यात बसून, कोपर भिंतीत रुतवून, ती दिवसभर ठाप ठाप करत राहायची. पहिल्या दिवशी चौकोन सोडून सगळीकडे निळं झालं. फरशी, लुगडं, मांजर. आई म्हणायची, "मत देशीन तवा देशीन व माय, पण भाजीले बटाटे ठेव." हळूहळू शिक्के चौकोनात पडायला लागले. सगळे नाही, पण निम्म्याहून जास्त.

मतदानाच्या दिवशी सकाळी दारात दोन पक्षांच्या दोन सायकलरिक्षा येऊन उभ्या राहिल्या. लुल्या-पांगळ्या मतदारांना न्यायचा त्यांना भारी उत्साह. आत्या उन्हात खाटेवर बसली होती. तिनं दोन्ही रिक्षांकडे बघितलं आणि मला म्हणाली, "एकीत बसली तं दुसऱ्याले समजते." अंग मोकळं झाल्यावर ती उठली, एका बाजूला आई, एका बाजूला मी, आणि चालत निघाली. घरापासून शाळा जवळच, पण सकाळचे निघालो ते दुपारी पोचलो. रिकाम्या रिक्षा आमच्या मागं हळूहळू येत होत्या, वरातीसारख्या.

मतदान केंद्र म्हणजे तीच शाळा, जिच्या दारातून आजोबा तिला माघारी घेऊन आले होते. पायरीवर ती जरा थांबली. मला वाटलं दमली. म्हणाली, "बरीच मोठी हाय व शाळा."

आत फक्त आई गेली तिला धरून. मी अजून मतदार नव्हते, म्हणून दारातून बघत होते. टेबलावरच्या माणसानं यादीतलं नाव मोठ्यांदा वाचलं, "सुलोचना..." तिला कोणी त्या नावानं हाक मारलेली मी पहिल्यांदाच ऐकली. आत्यालाही ते नवीन असावं, कारण तिचे दोन्ही हात हवेत गेले. एका उमेदवाराचा एजंट उठून उभा राहिला. "साहब, ये तो पागल है. इसका वोट कैसे चलेगा?" केंद्राचे अधिकारी बाहेरगावचे होते, मफलर गुंडाळलेले, सकाळपासून वैतागलेले. त्यांनी आईला विचारलं, "इनको समझता है क्या?"

आमची आई म्हणजे बाबा असताना चार शब्द न बोलणारी बाई. ती म्हणाली, "तिलेच विचारा ना साहेब. आणि विचारल्यावर थांबा जरासं."

साहेब थांबले. रांगेतल्या बाया कुजबुजायला लागल्या. आत्यानं डोळे मिटले, मान कलवली. "मी... सुलोचना. माह्यं मत... मले... देऊ द्या." साहेबांना मराठी किती कळलं कोण जाणे. पण ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले आणि मग एजंटला म्हणाले, "बैठो." बोटाला शाई लावताना बोटच उलगडेना, तेव्हा सगळ्या मुठीला शाई लागली. मतपत्रिका घेऊन ती पुठ्ठ्यामागं गेली आणि लगेच काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. शिक्का घरंगळत टेबलाखालून बाहेर आला. टेबल डुगडुगतं, भिंत लांब, कोपर टेकायला काही नाही. आईनं शिक्का उचलून दिला. पुन्हा पडला. साहेब म्हणाले, "आप लगा दो इनकी तरफ से." आत्या आतून म्हणाली, "नाई."

ती बाहेर आली आणि खोलीच्या कोपऱ्याकडे मानेनं खूण केली. आईनं समजावलं, की हिला जमिनीवर, त्या कोपऱ्यात बसून जमते. एजंट पुन्हा उठला, की तिथं बसली तर सगळ्यांना दिसेल, गुप्तता मोडेल, मत बाद करा. नियमानं तो बरोबरच होता. साहेबांनी मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला. मग त्यांनी आईकडून तिला कोपऱ्यात बसवून घेतलं, आणि आईसकट सगळ्यांना हुकूम सोडला, "सब लोग ब्लैकबोर्ड की तरफ मुँह करो." सगळ्या पक्षांचे एजंट, शाईवाला, यादीवाला, दारातला पोलीस, सगळे फळ्याकडे तोंड करून उभे राहिले, गृहपाठ न केलेल्या पोरांसारखे. साहेब स्वतःही वळले. मीही वळले. रांगेतली, आमच्या वस्तीतलीच एक म्हातारी मागून नवीन बायांना सांगत होती, "थांबा व. बेबीचं व्हायचं हाय."

बराच वेळ गेला. शिक्का कागदावर पडल्याचा एक बारीक आवाज आला, मग घडी घालण्याची खुसफूस. आत्या म्हणाली, "झालं."

दुसऱ्या दिवशी बाबा रामाकोन्याहून आले ते चप्पल न काढताच. "बरोबर पडला का? रेघेवर तं नाही ना पडला? मधोमध होता का?" आत्या खाटेवर बसून जांभळी मूठ उन्हात धरून बघत होती. म्हणाली, "गुप्त हाय." बाबांनी आईला विचारलं, तर आई त्या वेळी फळा बघत होती. मला विचारलं, मीही तिकडंच. निकाल लागला, सरकार बसलं, तरी बाबा अधूनमधून विचारायचे, "बेबी, आता तं सांग. पडला होता का चौकोनात?" ती भुवई उडवायची. तिचं मत मोजलं गेलं की बाद झालं, हे आजतागायत कोणाला माहीत नाही. बाबांमध्ये मात्र फरक पडला. आत्या बोलायला लागली की ते खालचा ओठ दातात धरून बसायचे. बघवायचं नाही. तिचं वाक्य तोंडाशी आलेलं असायचं त्यांच्या, पण गिळायचे.

बारावीनंतर मी नागपूरला नर्सिंगच्या ट्रेनिंगला निघाले. आत्या स्टेशनावर येते म्हणाली, म्हणून बाबांनी तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून, शेल्यानं स्वतःच्या कमरेला बांधून आणली. तिनं सकाळपासून बसून एक संत्रं सोललं होतं, ते रुमालात बांधून माझ्या हातात दिलं. तिगावकडून गाडी आली. पॅसेंजर असली तरी आमच्या स्टेशनावर ती कितीशी थांबणार. मी खिडकीत बसले. आत्यानं खिडकीचा गज डाव्या हातानं धरला, डोळे मिटले, मान कलवली. म्हणाली, "मीना, तू..."

भोंगा वाजला. तिचं अंग ताठ झालं, हात गजावरून सुटला. बाबांनी तिला सावरलं. तिनं पुन्हा श्वास गोळा केला. "मीना, तू..." गाडी हलली. बाबा तिला धरून दोन पावलं चालले, पण तिचे पाय कसले चालतात. मी खिडकीतून ओरडले, "आत्या, सांग ना, काय?" ती डोळे मिटून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती एवढं मला दिसलं. बाबा ओठ चावत तिच्याशेजारी उभे होते. मग प्लॅटफॉर्म संपला.

पुढच्या आठवड्यात बाबांचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, की मी बेबीला म्हणालो, काय सांगायचं होतं ते मला सांग, पत्रात लिहून पाठवतो. तर नाही म्हणते. आली की मीच सांगीन म्हणते.

मी दिवाळीत जाणार होते. दिवाळीच्या आधीच तिचा ठसका पुन्हा छातीत उतरला आणि या वेळी नागपूरला आणायलाही वेळ मिळाला नाही. मी पोचले तेव्हा अंगणात तिला खाटेवर ठेवलं होतं. हात पोटावर शांत होते, दुपारी झोपल्यावर असायचे तसेच. मी ते धरले आणि माझ्याच्यानं राहवलं नाही, लहान पोरीसारखी रडले.

विहारातली सगळी वस्ती आली होती. बायांनी हात जोडले, त्रिशरण झालं, पंचशील झालं. सगळ्यांचं एकदमच संपलं. आणि तरी कोणी हात सोडले नाहीत. बाया तशाच बसून राहिल्या, सवयीनं, पुढचा आवाज येईपर्यंत. मग एकीच्या लक्षात आलं आणि तिनं तोंडाला पदर लावला.

माझी नोकरी नर्सची. बोलायला वेळ लागणारी माणसं रोज भेटतात. कोणाचं अर्धं अंग गेलेलं, कोणाच्या घशात नळी. त्यांच्या घरचे खाटेशेजारी उभे राहून घाईघाईनं उत्तरं देतात, आणि मी पेन खाली ठेवून थांबते. हे मला ट्रेनिंगमध्ये कोणी शिकवलं नाही.

तिच्या त्या वाक्याचा विषय घरी अजून निघतो. आईचं म्हणणं, ती 'मीना, तू वेळेवर जेवत जा' म्हणणार होती. शेजारच्या काकूंना वाटतं, 'मीना, तू लवकर ये'. परवा माझ्या मुलीनंही आपला अंदाज लावायला सुरुवात केली, "आजोबा, मला वाटतं ती म्हणणार होती की मीना, तू..."

बाबा आता थकलेत, ऐकायलाही कमी येतं. पण हे त्यांना ऐकू आलं. त्यांनी हात वर करून तिला थांबवलं.

"थांब व," ते म्हणाले. "बेबीचं व्हायचं हाय."